तुम्ही विचारलंत म्हणून: ही टोपीवाली कवटी कसली?

पहिल्यांदा विचारलं ते आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी. "साहेब, गाडीला करंट लागतो का?" माझ्या स्कूटरवर पुढच्या बाजूला एक स्टिकर आहे. पांढरी कवटी, तिच्यामागे फुलीसारखी दोन हाडं आणि डोक्यावर लाल पट्ट्याची गवती टोपी. काकांना ती डीपीच्या दारावरची 'सावधान'वाली कवटी वाटली. मग आत्या आली. तिचं म्हणणं, गाडीला लिंबू-मिरची बांधतात, कवट्या नाही चिकटवत. सिग्नलला एका हवालदारांनी काही न बोलता नुसतं बोट दाखवलं आणि भुवया उडवल्या. सगळ्यांना माझं एकच उत्तर: "मुलीनं लावलंय." ते खोटं नाही, लावला तिनंच. पण आणला मी.

२०२५च्या सप्टेंबरनंतर प्रश्न बदलला. ऑफिसात एकानं चहा ढवळता ढवळता आवाज खाली घेऊन विचारलं, "नेपाळमध्ये होता तोच झेंडा ना हा? तू कुठल्या संघटनेत वगैरे आहेस का?" तेव्हा लक्षात आलं की 'मुलीनं लावलंय' एवढ्यावर आता भागणार नाही.

तर ही कवटी 'वन पीस' नावाच्या जपानी चित्रकथेतली आहे. अशा चित्रकथांना मांगा म्हणतात. एइचिरो ओडा यांनी ती जुलै १९९७मध्ये 'शोनेन जंप' या साप्ताहिकात सुरू केली. मी तेव्हा दहावीत होतो. आता माझी मुलगी दहावीत आहे आणि गोष्ट अजून चालूच आहे. खंडांनी शंभरी कधीच ओलांडली. एकाच लेखकाच्या चित्रकथेच्या सर्वाधिक प्रतींचा गिनेस विक्रम २०१५मध्ये तिच्या नावावर लागला, तेव्हा आकडा ३२ कोटी ८ लाखांच्या वर होता. पुढे तो ५० कोटींपलीकडे गेला. गोष्ट मात्र दोन ओळींची आहे. लुफी नावाच्या रबरासारखं अंग ताणता येणाऱ्या पोराला समुद्री चाच्यांचा राजा व्हायचंय, आणि त्यासाठी तो एकेक सवंगडी गोळा करत निघालाय.

टोपी त्याची नाही. शँक्स नावाच्या चाच्यानं लहानग्या लुफीला समुद्री राक्षसाच्या तोंडातून ओढून काढताना स्वतःचा हात गमावला. जाताना त्यानं आपली टोपी या पोराच्या डोक्यावर ठेवली आणि सांगितलं, मोठा चाचा झालास की परत आणून दे. म्हणजे ती टोपी मुळात उसनी आहे. आपल्याकडे 'टोपी घालणे' म्हणजे फसवणे, त्यामुळे हे वाक्य मराठीत सांगताना मला दर वेळी अडखळायला होतं.

उसनवारी ओडांच्या हाडातच असावी. त्यांच्या चाच्यांची नावं इतिहासातून आली आहेत. लुफीचा सवंगडी झोरो, त्याचं आडनाव रोरोनोआ हे फ्रेंच चाचा ललोनेवरून, टीच हे एडवर्ड टीच ऊर्फ ब्लॅकबिअर्डवरून, बॉनी ही अॅन बॉनीवरून. गोष्टीतल्या नौदलाच्या तीन अॅडमिरलांचे चेहरे तीन जपानी सिनेनटांचे आहेत: युसाकू मात्सुदा, कुनिए तानाका आणि बुंता सुगावारा. जपानी वाचकाला ते पान उलटताच ओळखू येतात. मला ते कळायला मुलीनं समजावून सांगावं लागलं आणि मग दोन रात्री जुने जपानी सिनेमे शोधण्यात गेल्या.

जगानं मग हे कर्ज व्याजासकट वसूल केलं. २०१५मध्ये तोक्योच्या शिनबाशी एनबुजो नाट्यगृहात 'वन पीस'चं काबुकी, म्हणजे पारंपरिक जपानी नाटक झालं. इचिकावा एन्नोसुके यांनी लुफीही केला आणि सम्राज्ञी हॅनकॉकही. बालगंधर्वांच्या मुलखातल्या माणसाला त्याचं नवल वाटू नये, पण त्याच प्रयोगात रंगमंचावर धबधबा कोसळतो आणि लुफी प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडत जातो, हे पाहून मी गार झालो. बाकी व्यापार आहेच. गुच्चीनं लुफी-झोरोला आपले कपडे चढवले, न्यूयॉर्कच्या मेसीज परेडमध्ये २०२३ साली लुफीचा प्रचंड फुगा तरंगला, त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर खऱ्या नटांची मालिका आली. आमच्या स्टेशनबाहेर तीच कवटी छापलेला टी-शर्ट अडीचशेला मिळतो, दोन घेतले तर चारशे. यात मला फारसा रस नाही.

रस आहे तो कुमामोतोत. हा ओडांचा जिल्हा. एप्रिल २०१६मध्ये तिथे मोठा भूकंप झाला, किल्ल्याचे बुरूज ढासळले, गावंच्या गावं आडवी झाली. ओडांनी ८० कोटी येन दिले. पुढे जिल्ह्यानं त्यांना गौरव पुरस्कार दिला आणि पुतळे उभारायचं ठरवलं, पण ओडांचे नाहीत. लुफी आणि त्याच्या साथीदारांचे. २०१८ ते २०२२ या काळात असे दहा पुतळे उभे राहिले, आणि ते कुठे उभे केले ते बघा. लुफी सरकारी कचेरीसमोर. सांजी हा आचारी, भुकेल्याला आधी खाऊ घालायचं हा त्याचा धर्म, म्हणून तो माशिकीत, जिथे सगळ्यात जास्त पडझड झाली. डॉक्टर चॉपर मुळात रेनडिअर, त्याला प्राणिसंग्रहालयात जागा दिली. आणि रॉबिन, जी जगानं दडपलेला इतिहास वाचते, ती मिनामिआसोत तोकाई विद्यापीठाच्या सोडून दिलेल्या आवारात. तिथल्या इमारतीखालून भूकंपाची भेग गेली आणि ते आवार बंदच झालं. ज्यानं मांगा वाचलेलं नाही त्याला ही एक ब्राँझची बाई दिसेल. ज्यानं वाचलंय त्याचा तिथे उभ्या उभ्या गळा दाटेल. मी गेलेलो नाही, फोटो बघूनच दाटला.

आता ऑफिसातल्या मित्राच्या प्रश्नाकडे येतो.

इंडोनेशियात १७ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन. २०२५मध्ये त्याला ८० वर्षं होत होती. घरोघर लाल-पांढरे झेंडे लावा असं सरकारनं सांगितलं. लोकांनी लावले आणि काहींनी त्याखाली ही टोपीवाली कवटीही फडकवली. सुरुवात ट्रकवाल्यांपासून झाली म्हणतात. काही नेत्यांना त्यात देशात फूट पाडायचा डाव दिसला, काही ठिकाणी भिंतीवरची चित्रं पुसायला लावली. झेंड्याचा खप अर्थातच वाढला. महिनाअखेरीस खासदारांच्या घरभत्त्यावरून मोर्चे पेटले, तेव्हा कवटी त्यांतही होती.

मग नेपाळ. ४ सप्टेंबरला सरकारनं २६ समाजमाध्यमं बंद केली, ८ तारखेला पोरं रस्त्यावर उतरली, त्या एका दिवसात १९ जण गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि सिंहदरबार, म्हणजे तिथलं मंत्रालय, जळत होता. त्याच्या फाटकावर कुणीतरी हीच कवटी लटकवली होती. माझ्या मित्रानं पाहिलेला फोटो तो. मीही पाहिला आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. पोटात खड्डा पडला. मुलीबरोबर पडवीत बसून हसत वाचलेली गोष्ट, आणि मागे धूर.

महिना संपायच्या आत मादागास्करमध्ये पाणी आणि विजेसाठी आंदोलन उभं राहिलं. तिथल्या पोरांनी मात्र मोठी गमतीची गोष्ट केली. कवटी ठेवली, टोपी बदलली. लुफीची गवती टोपी काढून तिथल्या बेत्सिलेओ लोकांची सात्रोका टोपी तिला घातली. ऑक्टोबरच्या मध्यावर तिथल्या राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला आणि सत्ता लष्कराच्या हाती गेली.

यावर मांगाच्या जुन्या वाचकांनी नाकं मुरडली. या पोरांनी गोष्ट वाचली तरी आहे का? त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. लुफी क्रांतिकारक नाही. तो एका ठिकाणी स्पष्ट सांगतो की त्याला नायक व्हायचं नाही, कारण नायक आपलं मटण लोकांना वाटून टाकतो आणि त्याला ते स्वतः खायचंय. पण मी विचारतो, एखाद्याला 'शकुनीमामा' म्हणताना आपण महाभारत वाचलंय का, हे कुणी तपासतं का? 'कुंभकर्ण' म्हणायला युद्धकांड पाठ लागत नाही. नाव वापरून वापरून गुळगुळीत होतं, तेव्हाच ते सगळ्यांचं होतं.

शिवाय, जे पोरांनी उचललं ते गोष्टीत नाही असंही नाही. लुफीची साथीदार नामी, तिचं गाव घ्या. आर्लाँग नावाचा गुंड तिथे प्रत्येक माणसामागे महिन्याला जिवंत राहण्याचा कर घेतो. नौदलाचा अधिकारी त्याच्याकडून हप्ता खातो. नामी वर्षानुवर्षं चोऱ्या करून गाव सोडवायचे पैसे साठवते आणि तोच अधिकारी ते जप्त करून नेतो. ती गुडघ्यावर बसून रडते, लुफीला म्हणते, मला मदत कर. लुफी एक अक्षर न बोलता टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो, जी तो कुणाला हातही लावू देत नाही, आणि चालू लागतो. कर कसा लागतो आणि हप्ता कुणाला जातो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे पान समजायला जपानी यायची गरज नाही. आणि चाचा कोण, हे ठरवतं कोण? इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे चाचाच आहेत. आपल्याकडे ते सरखेल.

वॉचमनकाकांचं उत्तर मात्र राहिलं. त्यांना कवटीत धोका दिसला, आणि हा गोंधळ मांगातही आहे. चॉपर लहान असताना हिरिलुक नावाचा एक वेडपट वैद्य त्याला सांभाळतो. कवटीचा झेंडा म्हणजे काहीच अशक्य नाही असं मानणाऱ्यांची खूण, असं तो त्याला शिकवतो. पुढे वैद्य आजारी पडतो. चॉपर पुस्तकात औषध शोधतो आणि एका अळिंबीच्या चित्राशेजारी त्याला कवटी दिसते. म्हणजे हेच औषध! रक्तबंबाळ होऊन तो ती अळिंबी आणतो, तिचं सूप करतो. कवटी विषाची असते हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. वैद्याला एका नजरेत कळतं. तरी तो सूप पितो, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि झकास झालंय म्हणतो.

हे मी परवा काकांना गेटपाशी उभ्यानं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्टिकरकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे विषाचीच की हो शेवटी." आणि रजिस्टर पुढे केलं, कुरिअरवाल्याची सही घ्यायची होती.