अठरा औंसांचा पाव: अखेर आतून शिजला

96! मी बांधलेल्या विटांच्या भट्टीतल्या पावाच्या बरोब्बर पोटात थर्मामीटरचा प्रोब खुपसला आणि 96 डिग्री सेल्सियस दिसलं तसा मी अंगणात एकटाच असा काही ओरडलो की शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून डोकं काढून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. गेले पाच शनिवार हा आकडा 82 च्या पुढे हलत नव्हता. तळ कोळसा, वरून रंग एकदम फोटोजोगा, आणि कापला की मध्ये चिकट लगदा. मागच्या वेळचा फोटो आठवत असेलच, तो बघून घरच्या लेकीने "बाबा, ही खांडवी आहे का?" विचारलं होतं.

मागचं ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की मी अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटात राहतो, तिथून दोन तासांवर फोर्ट लार्नेड हा जुना लष्करी किल्ला आहे, तिकडे व्हॉलंटियरगिरी करतो, आणि माझं इंप्रेशन, म्हणजे तिथे मी वठवतो ती भूमिका, 1868 मधला 3 री इन्फन्ट्रीचा (पायदळाचा) शिपाई, ज्याला भट्टीवर ड्युटी लागलीय. गणवेशाची रडकथा आधी सांगून झालीय, ती पुन्हा नको. घोडदळवाल्यांना मिरवायला घोडे असतात, आम्हाला पीठ. पण मला विचाराल तर किल्ल्यातलं रोजचं जगणं समजून घ्यायचं असेल तर पाव धरा, कारण सँटा फे ट्रेल या जुन्या व्यापारी वाटेवरच्या त्या ओसाड माळावर शिपायाच्या दिवसात लढाई क्वचित, लाकडं तोडणं, दगड वाहणं, पहारा देणं आणि जेवणं मात्र रोज. माणशी रोज 18 औंस पाव नाहीतर पीठ, किंवा एक पौंड हार्डटॅक (दगडासारखी कडक बिस्किटं), 12 औंस डुकराचं मांस किंवा 20 औंस बीफ, शिवाय दर 100 रेशनमागे 15 पौंड बीन्स, 10 पौंड हिरवी कॉफी, 15 पौंड साखर. हे पाठ झालंय आता, झोपेत पण म्हणून दाखवीन.

तर लगदा. पहिला संशय अर्थातच खमिरावर. हॉप्स आणि बटाट्याचं खमीर, म्हणजे मूठभर हॉप्स दीड लिटर पाण्यात 20 मिनिटं उकळायचे, गाळायचं, त्यात उकडलेले बटाटे कुस्करून, थोडं पीठ, थोडी काकवी, आणि कोमट झालं की आधीच्या खमिराचं विरजण. हॉप्सचं काम नुसता कडूपणा आणण्याचं नाही, आंबट करणारे जंतू त्याने दबतात आणि खमीर टिकतं. माझं पहिलं वारलं, दुसरं इतकं आंबलं की डोसे झाले असते (झाले पण, वाईट नव्हते), तिसरं मात्र मस्त फसफसतंय, मे महिन्यापासून जिवंत आहे आणि बायकोने त्याचं नाव सुभेदार ठेवलंय. पीठ दुप्पट फुगत होतं, मग दोष सुभेदाराचा कसा?

दुसरा संशय पिठावर, आणि इथे एक कबुली द्यायचीय. मी मोठ्या दिमाखात 25 पौंडांची टर्की रेड गव्हाच्या पिठाची गोणी मागवली होती, जुना वाण, कॅन्ससचा म्हणून प्रसिद्ध, जात्यावर दळलेलं, किंमत विचारू नका. घरी आणून पोतं उघडलं, चार बेक झाले, आणि एका रात्री दात घासताना लख्ख प्रकाश पडला की टर्की रेड कॅन्ससमध्ये रशियातून आलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांबरोबर आला 1874 ला! माझा शिपाई 1868 चा!! म्हणजे लोकांच्या कोटाची बटणं मोजून त्यांना फार्ब (काळाशी न जुळणारा नकली शिपाई) म्हणणारा मी स्वतःच पिठात फार्ब निघालो. लार्नेडला पीठ पूर्वेकडून गाड्यांमध्ये लादून यायचं, आजूबाजूला कसली गव्हाची शेतं. रोलर मिलचं मैदापीठ पण तेव्हा नाही, म्हणून आता साधं जात्यावरचं पीठ आणून घरी कापडातून चाळतोय, कोंडा बऱ्यापैकी निघतो. पाव चवीला बरा झाला, मध्ये लगदा तसाच.

मग लाकूड. इथले लोक हेजचं (ओसेज ऑरेंज या झाडाचं) लाकूड सोन्यासारखं जपतात कारण ते भयंकर तापतं, मीही तेच घालत होतो, ठिणग्या अशा उडायच्या की दिवाळी. म्हटलं तळ जळतो तो यानेच. नदीकाठी किल्ल्यातल्या शिपायांना मिळायचं ते कॉटनवुड, एल्म वगैरे, म्हणून कॉटनवुड आणलं. ते कागदासारखं भुर्रकन जळतं आणि राख सोडून काही देत नाही, तीन तास नुसता हमालासारखा लाकडं घालत बसलो होतो. तळाच्या विटा थर्मामीटर गनने 330, घुमट 290. राख ओढली, ओला पोछा मारला, दार लावून पाऊण तास मुरू दिलं, तरी तळ 300 च्या खाली यायला तयार नाही. थांबलो तर घुमट थंड. कॅन्ससचा वारा भट्टीच्या तोंडातून आत शिरतो तो वेगळाच वैताग. पिठाची चिमूट टाकून किती मोजेपर्यंत लाल होते ते बघायची जुनी पद्धत पण केली, पाचपर्यंत पोचायच्या आत काळी.

टिनांबद्दल पण बोलून घेतो. "जुन्या पद्धतीचे" म्हणून विकले जाणारे पत्र्याचे पॅन घेतले एका ऑनलाइन दुकानातून, दुकानाचं नाव नाही घेत, पण कोपऱ्यात मशीनचे वेल्डचे ठिपके आणि वर कसलासा लेप, जो दुसऱ्याच बेकला पापुद्र्यासारखा निघाला आणि पावाला चिकटला. परत घ्यायला तयार नाहीत, म्हणे तुम्ही वापरलेत. अहो पावाचा पॅन वापरायचा नाही तर काय आरतीला लावायचा? शेवटी ओळखीच्या लोहारकाम करणाऱ्या मित्राने साध्या काळ्या पत्र्याचे दोन मोठे तवे कोपरे दुमडून करून दिले, त्याच्याकडूनच निखारे ओढायचा आकडा पण करून घेतला. दोन्ही मिळून दुकानापेक्षा स्वस्त पडले.

आता मुद्द्यावर. मागच्या रविवारी मावशीचा फोन आला, ती मूळची सावंतवाडीची पण लग्नानंतर 40 वर्षं गोव्यात म्हापशात, पोदेराच्या (पाववाल्याच्या) घराला लागून घर. तिला पावाचं रडगाणं ऐकवलं कारण इथे ऐकून घ्यायला आता कोणी उरलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, तापमानं वगैरे, आणि एकच विचारलं, "एकावेळी किती पाव घालतस?" म्हटलं चार, कधी तीन. तर ती हसायलाच लागली. "अरे झिला, चार पावांसाठी कोण भट्टी पेटवता?" म्हणे त्यांचा पोदेर भट्टी भरेल एवढं पीठ नसेल त्या दिवशी पेटवायचाच नाही. पूर्वी तिथे खमीर म्हणून माडाची सूर घालायचे, ते सांगायला लागली, पण माझं लक्ष कुठलं, मी तिथेच अडकलो होतो.

कारण बरोबरच आहे की! मी भट्टी फौजेची बांधली आणि पाव घरचा लावत होतो. चार गोळे म्हणजे तापलेल्या विटांच्या समुद्रात चार बेटं, चारही बाजूंनी झळ लागते, साल आधी कडक होते, तळ जळतो, मी घाबरून लवकर काढतो आणि आतला भाग कच्चा. भट्टी भरली की थंड ओलं पीठ तळाची उष्णता शोषून घेतं, सगळ्यांची मिळून इतकी वाफ होते की साल लगेच घट्ट होत नाही, आणि गोळे एकमेकांना चिकटून असले की बाजूंना झळच लागत नाही, फक्त वर आणि खाली. लग्नातल्या आचाऱ्याचा मसालेभात घरी चार वाट्यांचा केला की तसा होत नाही ना, तेच. आणि हे सगळं मी वाचलेलं होतं, बॅच ब्रेड, बाजू मऊ, तोडून वेगळे करायचे, फोटोत पण दिसतं, फक्त चारवरून बारावर जायचं डोक्यात आलं नाही कारण बारा पाव खाणार कोण!

तर या शनिवारी बारा. पहाटे साडेचारला उठून सात किलोचा गोळा हाताने मळला, खांदे अजून दुखतायत. प्रत्येक कच्चा गोळा 21 औंसाचा, भाजल्यावर 18 च्या आसपास उतरतो. दोन तव्यांत सहा-सहा, अंगाला अंग लावून, लोकलच्या डब्यासारखे. लाकूड अर्धं एल्म अर्धं जे असेल ते. तळ 310 होता तरी मुद्दाम घातले, दार ओल्या पोत्याने बंद. दहा मिनिटांनी गन मारली तर तळ 240! 50 मिनिटांनी काढले, तळ बदामी, बाजू पांढऱ्या मऊ, आणि आत 96. बाराही पावांत. कोपऱ्यातल्या एकाचा कान थोडा करपलाय, त्याला मी माफ केलंय.

घरच्यांना लगेच गरम तोडायचा होता, पण मी ठाम, 24 तास कोणी हात लावायचा नाही, कारण आर्मीच्या मते ताजा गरम पाव पोटाला वाईट, शिपायाला दुसऱ्या दिवशीचाच मिळायचा. एक पाव तरी रात्रीत गायब झाला. पहारा ढिला होता.

वजनं करताना अजून एक गंमत झाली आणि त्यानेच पुढचा सगळा बेत फिरला. 18 औंसांच्या पावाला मला पीठ लागलं साधारण 13 औंस, बाकी पाणी. पण रेशन तर माणशी 18 औंस पिठाचं! म्हणजे भट्टीवर माणशी रोज 5 औंस पीठ वाचतं. 60 जणांची कंपनी धरली तर दिवसाला जवळजवळ 19 पौंड. हे वाचलेलं विकून पोस्ट फंड, म्हणजे किल्ल्याचा सामायिक निधी, व्हायचा, त्यातून लायब्ररीची पुस्तकं, शाळा, बागेचं बियाणं, आणि भट्टीवाल्याचा जास्तीच्या कामाचा भत्ता पण. हे माहीत होतं, पण तराजूवर बघितल्यावर अंगावर काटा आला, त्या ओसाडीत पुस्तकं कसली तर पाण्याच्या वजनाची!

म्हणून आता मी किल्ल्यात येणाऱ्यांपुढे नुसता पाव मांडून बसणार नाही. टेबलावर जुना वजनकाटा, एका पारड्यात 18 औंस पीठ, दुसऱ्यात पाव, बाजूला वाचलेल्या पिठाची थैली आणि त्याशेजारी एक जुनं वर्तमानपत्र नाहीतर पुस्तक. पोरांना हे पटकन कळेल. पाव खायला द्यायचा नाहीच, फक्त बघायचा.

हे लिहिता लिहिता अजून एक सुचलं, अर्धी उरलेली टर्की रेडची गोणी वाया कशाला घालवू, इंप्रेशनच 1876 वर सरकवलं तर? किल्ला 1878 पर्यंत चालू होता. रेल्वे 1872 ला आलेली, म्हणजे पिठाचं गाडीभाडं वगैरे गोष्टच बदलते. पण मग कोट बदलावा लागेल, माझा चार बटणांचा सॅक कोट (सैल आखूड कोट) अमेरिकन यादवीतल्या उरलेल्या मालातला म्हणून 1868 ला एकदम बरोबर, 1874 नंतर पाच बटणांचा ब्लाउज (तोही सैनिकी कोटच) हवा, आणि त्याचे भाव बघून आलो आत्ताच, बायकोला सांगायची हिंमत नाही. मग लक्षात आलं भट्टीवर कोट घालतं कोण, बाही वर करून शर्ट आणि एप्रन! कोट खुंटीला उलटा टांगून ठेवला तर बटणं मोजणार कोण. हो, मला माहितीय, तुमच्यातले दोघंतिघं मोजतीलच.

पण 1868 सोडवत पण नाही. त्या वर्षी 10 व्या कॅव्हलरीची (घोडदळाची) ए कंपनी, कृष्णवर्णीय शिपाई, लार्नेडलाच होती, पुढे 2 जानेवारी 1869 ला त्यांचा तबेला जळला आणि त्यांना तिथून हलवलं. तबेल्याची जागा दाखवताना लोक गप्प होतात. आणि शायेन, अरापाहो, कायोवा, कोमांचे या मूळ अमेरिकन (इंडियन) जमातींचं करारातलं सामान पण इथल्याच एजन्सीतून, म्हणजे सरकारी कचेरीतून, वाटलं जायचं, त्यामुळे पिठाच्या पोत्याला इथे दोन बाजू आहेत, नुसती खमंग गोष्ट सांगून चालत नाही. त्यात मी उभा असताना कोणीतरी विचारतंच, तू कुठला, आणि मी सवयीने "इंडियन" म्हटलं की दोन सेकंद असा काही गोंधळ उडतो की ते टाळायला आता सरळ "सावंतवाडी" म्हणतो, त्याने गोंधळ कमी होत नाही पण विषय बदलतो.

सध्या ठरलंय असं, की 1868 च, चाळलेलं साधं पीठ, टर्की रेड घरच्या पोळ्यांना. पुढच्या शनिवारी अठरा पाव लावून बघणार, तिसरा तवा बसतोय का ते मोजायचंय, दार दोन बोटं अरुंद वाटतंय. वाऱ्यासाठी तोंडापुढे विटांची आडभिंत. आणि थर्मामीटर गनशिवाय जमतं का ते शिकायचंय, नुसता हात आत घालून, कारण पिवळी गन हातात धरलेला 1868 चा शिपाई कुठल्याच हिशोबात बसत नाही.

फ्रीझरमध्ये आठ पाव आहेत. विचिटाच्या आसपास कोणी असेल तर घेऊन जा, मिसळीला उत्तम लागतो, काल करून बघितली.