गिरणीवरून डावीकडे

दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजतो. "सर, लोकेशनवर आलोय, गेट कुठंय?"

हा पोरगा कुठे उभा असणार ते मला खिडकीतून न बघताच ठाऊक असतं. सोसायटीच्या मागच्या अंगाला, नाल्याच्या कडेला. आमच्याकडे येणारी औषधं, पुस्तकं, पिझ्झे, सगळं आधी तिथे जातं. नकाशाचं गणित सरळ आहे. इमारतीला सगळ्यात जवळचा रस्ता मागचा, म्हणून तो माणसाला तिथेच नेऊन सोडतो. मध्ये उंच भिंत आहे आणि भिंतीवर काचा खोचल्यात, हे त्याला कोण सांगणार?

तसं मी सांगू शकतो. दुरुस्ती सुचवायची सोय त्या ॲपमध्येच असते, मुलीने मला ती दाखवलीही आहे. पण मी मुद्दाम करत नाही. कारण त्या फोननंतरचं एक मिनिट माझं असतं. "असं कर, गाडी वळव. पिठाची गिरणी लागेल, तिथून डावीकडे. पुढे इस्त्रीवाला, त्याच्यासमोर निळं गेट. कुत्रं भुंकेल, पण काही करत नाही ते." एवढं कान देऊन माझं बोलणं आमच्या घरात कोणी ऐकत नाही. तो पोरगा ऐकतो, हो हो म्हणतो आणि खरोखर मी सांगितलं तिथे येऊन उभा राहतो. झोपमोड झाल्याचं काही वाटत नाही मग.

पत्ता विचारण्याचे आमच्या बाबांचे कायदे होते. विचारायचं ते दुकानदाराला, नाहीतर रिक्षावाल्याला. वाटसरूला नाही, तो आपल्यासारखाच पाहुणा निघायचा. शाळकरी पोरांना तर कधीच नाही. एकाने सांगितलं की पुढच्या चौकात दुसऱ्याकडून खात्री करून घ्यायची, पण पहिल्याच्या नजरेआड गेल्यावर. त्याला वाईट वाटायला नको! लग्नपत्रिकेच्या पाठीमागे कार्यालयाकडे जायचा नकाशा छापलेला असे, त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्या नकाशात कार्यालय गावाच्या मधोमध आणि राजवाड्याएवढं असायचं, एसटी स्टँड कोपऱ्यात नखाएवढा.

कोल्हापूरला असंच एक लग्न होतं. मिरजकर तिकटीपाशी बाबांनी स्कूटर थांबवली. पुढे मी उभा, मागे आई, तिच्या मांडीवर आहेराची पिशवी. चहाच्या गाड्यावर एकजण बशी ओठाला लावून उभा होता, त्याला विचारलं. त्याने बशी खाली ठेवली, आमच्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाला, "सांगून न्हाई घावायचं तुम्हास्नी. या माझ्या मागनं." आणि टांग मारून सायकल काढली.

पुढे तो, मागे आम्ही. सायकलच्या चालीने स्कूटर चालवायची म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत जायचं. मध्येच ती बंद पडायची, मग तो पाय टेकून थांबायचा, बाबा किक मारायचे, वरात पुन्हा निघायची. जाता जाता मान वळवून माहिती चालूच. ही आमची तालीम. हितली मिसळ खाऊन जावा. कार्यालयाचा मांडव दिसला तसा त्याने नुसता हात वर केला आणि वळला. बाबा "अहो, जेवून तरी जा" म्हणेपर्यंत सायकल लांब गेली होती. चहा अर्धाच प्यायला होता बिचाऱ्याने.

हे मी मुलीला मोठ्या रंगात येऊन सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, रात्री दहा वाजता हिंजवडीहून येताना मी कोणाला विचारू? टपरीवरच्या चौघांना, काच खाली करून?"

काय बोलणार यावर? मग आठवायला लागलं की त्या सगळ्या लग्नांना जाताना आईने कधीच कोणाला पत्ता विचारला नव्हता. विचारायचे ते बाबा. आई एकटी कुठे निघाली की कोणी बाई दिसेपर्यंत चालत राहायची, चुकीच्या दिशेने का होईना. बांगड्यांचं दुकान दिसलं की तिला हायसं वाटायचं. मुलीला तसं चालावं लागत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी या नकाशाला सात खून माफ.

तसे खून आहेतच. वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांच्या घड्याळांवरून फोन आपली जागा काढतो, तीही मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटरच्या हिशेबात, हे थोरच. पण उड्डाणपूल आला की आपण पुलावर आहोत की पुलाखाली, याचा त्याला पत्ता नसतो. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडला आणि त्या जागी एवढे रॅम्प उगवले की आता तिथे माणूसही तेच विचारतो.

त्या चौकात अडकलं की नकाशावर लाल रेघ दिसते. ती रेघ बरीचशी आपल्याच फोनांवरून बनते. २०२० साली बर्लिनमध्ये एका कलाकाराने हातगाडीत ९९ जुने फोन भरले आणि रिकाम्या रस्त्यावरून ती सावकाश ओढत नेली, तर नकाशावर तो रस्ता लालभडक! म्हणजे गर्दीत हातावर हात धरून बसलेला मी मागच्यांना रस्ता सांगतच असतो. फक्त "थँक्यू काका" ऐकू येत नाही.

आता ही थट्टा बाजूला ठेवतो. २०२१ च्या जानेवारीत कळसूबाईला निघालेली पुण्याची एक गाडी नकाशा बघत बघत, मध्यरात्रीनंतर, अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. रस्त्यावरचा पूल पाण्याखाली होता. दोघं पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. पूल पाण्यात आहे हे आसपासच्या गावांत पोराटोरांनाही माहीत असणार. नकाशावर मात्र तो रस्ता होता, आणि नकाशाच्या लेखी रस्ता असला की झालं.

म्हणून घाटात शिरायच्या आधी, निळी रेघ कितीही ठामपणे पुढे बोलावत असली तरी, मी शेवटच्या हॉटेलात गाडी थांबवतो. रस्ता कुठे जातो हे विचारत नाही, ते फोनला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. रस्ता चालू आहे का, एवढंच विचारतो. वरंध घाट तर पावसाळ्यात दरड आली की बंदच होतो. तसंच एकदा भोरच्या पुढे संध्याकाळी विचारलं. गल्ल्यावरच्या माणसाने मान वर न करता सुटे पैसे मोजत सांगितलं, "चालू हाय की. पण आम्ही नाय जात रात्रीचं."

मी गाडी वळवली.