आमची वाटचाल : चालत्या माणसाचा फोन

आमच्या व्यवसायाची सुरुवात टेबलावरच्या फोनने झाली. इंटरकॉमची केबल ओढायची, प्रत्येक टेबलाखाली सॉकेट बसवायचा, एक्स्टेंशनला क्रमांक द्यायचा आणि क्रमांकांची छापील यादी स्वागतकक्षात लावून बाहेर पडायचे, एवढ्या भांडवलावर पहिली काही वर्षे बरी गेली. माणूस आपल्या टेबलापाशीच असतो, हे गृहीतक त्या सगळ्या कामामागे होते. ज्या कार्यालयांना गोदाम, प्रयोगशाळा किंवा शेजारची इमारत जोडलेली होती तिथे ते टिकत नसे. फोन वाजत राही आणि ज्याच्यासाठी तो वाजत असे, तो माणूस दोन मजले खाली कामात असे.

अशा ठिकाणी आम्ही सुरुवातीला जे केले ते सांगताना आजही थोडा संकोच वाटतो. घरगुती वापराचे, एक बेस (लाइनला जोडलेले, जागेवर राहणारे यंत्र) आणि एक हँडसेट अशा जोडीचे कॉर्डलेस फोन आम्ही वेगवेगळ्या एक्स्टेंशनवर लावून दिले. एका भांडारपालांच्या टेबलावर असे तीन हँडसेट ओळीने ठेवलेले असत आणि त्यांच्या पाठीवर लाल, पिवळी आणि निळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. लाल फोन फाटकासाठी, पिवळा आतल्या दालनासाठी आणि निळा वरच्या मजल्यासाठी. निघताना कुठे जायचे आहे ते ठरवून ते त्या रंगाचा फोन उचलत, आणि वाटेत बेत बदलला की बोलणे अर्ध्यावर तुटे. त्यांनी तक्रार कधी केली नाही, पण त्या तीन टेपा पाहिल्यावर आपण विकलेली वस्तू अपुरी आहे हे आम्हाला कळले.

मधल्या काळात रिपीटरही लावून पाहिले. रिपीटर बेसची रेंज पुढे नेतो. मात्र तो नवीन लाइन निर्माण करत नाही, बेसच्या क्षमतेतलेच वाटून घेतो. एखाद्या कोपऱ्यात एकट्या माणसासाठी तो पुरेसा असतो. संपूर्ण कार्यालय त्यावर चालवू नये, असे आमचे तेव्हा झालेले मत अजून बदललेले नाही.

त्यानंतर आम्ही अनेक बेसच्या जाळ्याकडे वळलो. डेक्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानकावर हे जाळे उभे असते. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने ते 1992 मध्ये प्रसिद्ध केले. युरोपात त्यासाठी 1880 ते 1900 मेगाहर्ट्‌झ हा पट्टा आहे, तर अमेरिकेत 1920 ते 1930 मेगाहर्ट्‌झ. म्हणून एका प्रदेशासाठी बनवलेला बेस स्वस्तात मिळाला तरी दुसऱ्या प्रदेशात लावता येत नाही. युरोपीय पट्ट्यात 10 वाहक लहरी असतात आणि प्रत्येक लहरीवर 10 मिलिसेकंदांच्या चौकटीत वेळेचे 24 कप्पे पाडलेले असतात, त्यांपैकी 12 बेसकडून हँडसेटकडे आणि 12 उलट दिशेने. एक कप्पा साधारण 417 मायक्रोसेकंदांचा. वाय-फायचे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्‌झचे पट्टे यापासून दूर असल्यामुळे कार्यालयातल्या वाय-फायच्या गर्दीचा या फोनवर परिणाम होत नाही, आणि ग्राहकाला पटवताना आम्हाला सर्वाधिक उपयोग याच मुद्द्याचा झाला.

अनेक बेसच्या जाळ्यात सर्व बेस एकाच व्यवस्थेची ओळख प्रसारित करतात. हँडसेटची नोंदणी एकदाच होते आणि त्यानंतर तो कोणत्याही बेसच्या आधाराने चालतो. कोणत्या बेसकडे जायचे ते बेस ठरवत नाही, हँडसेट ठरवतो. बोलणे चालू असतानाच तो मोकळ्या कप्प्यांत इतर बेसचे आवाज ऐकत असतो, एखादा बेस अधिक स्पष्ट वाटला की त्याच्याशी दुसरा दुवा बांधतो आणि तो पक्का झाल्यावरच पहिला सोडतो. बोलणाऱ्याला काही जाणवत नाही. मात्र हे जमण्यासाठी सर्व बेसची घड्याळे काही मायक्रोसेकंदांच्या फरकात एकमेकांशी जुळलेली असावी लागतात, नाहीतर हँडसेट शेजारच्या बेसचे बोलणे भलत्याच क्षणी ऐकायला जातो. सगळे बेस एका तालात ठेवणे, म्हणजे ज्याला आम्ही नुसते सिंक म्हणतो, हेच या धंद्यातले खरे काम आहे, हे समजायला आम्हाला दोन कामे बिघडवावी लागली.

पहिले काम पाच बेसचे होते. माहितीपुस्तिकेत इमारतीच्या आत 50 मीटर आणि मोकळ्यावर 300 मीटर असे अंतर दिलेले होते. आम्ही नकाशा घेतला, कंपासने वर्तुळे काढली, ती एकमेकांना जेमतेम शिवतील अशा जागा निवडल्या आणि छतात बेस बसवून टाकले. प्रत्येक बेसखाली उभे राहिले की फोन उत्तम चाले, पण एका बेसकडून दुसऱ्याकडे चालत गेले की कट होई. कारण साधे होते. सिंक हवेतून होत असेल तर प्रत्येक बेसला आधीच्या बेसचा संदेश स्वतः नीट ऐकू यावा लागतो, आणि आमची वर्तुळे हँडसेट मध्ये असेल असे धरून काढलेली होती. हँडसेट दोघांच्या मधोमध असतो, तर दुसरा बेस पूर्ण अंतर पलीकडे. आम्ही एका अंतराचा विचार केला होता, हिशेब दोन अंतरांचा होता. अखेर पाचाच्या जागी आठ बेस लागले आणि वाढीव तीन बेसचा खर्च आम्ही सोसला.

तेव्हापासून नकाशावरून बेसची संख्या सांगणे आम्ही बंद केले. आता काम घेण्यापूर्वी आम्ही चालून मोजमाप करतो. एका उंच तिकाटण्यावर बेस बांधलेला असतो, त्याला बॅटरीवरून वीज दिलेली असते, आणि तो अंदाजे जिथे बसणार आहे तिथे, छताच्या उंचीला, उभा केला जातो. आमचे दोन सहकारी हँडसेट घेतात. एक बेसजवळ थांबतो, दुसरा एक ते शंभर आकडे मोठ्याने मोजत चालत जातो. त्याच्या पडद्यावर संदेशाची ताकद डीबीएम या एककात, उणे आकड्यात दिसत असते; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी ताकद जास्त. उणे 70 डीबीएमपर्यंत आम्ही हिरवी टिकली नकाशावर चिकटवतो, तिथून उणे 75 पर्यंत पिवळी आणि त्याच्या खाली लाल. फोन हातात समोर धरून मोजले तर आकडा फसवा येतो. तो कानाला लावलेला असावा आणि माणसाने पाठ फिरवूनही पाहावे, कारण डोके आणि धड दोन्ही लहरी शोषतात. लिफ्टचा खड्डा, पोलादी कपाटांची रांग, धातूचा पातळ मुलामा असलेली काच आणि पाण्याची टाकी यांच्यामागे टिकल्यांचा रंग दोन पावलांत बदललेला आम्ही कितीतरी वेळा पाहिला आहे.

नुसत्या ताकदीवर विसंबणेही धोक्याचे असते. पत्र्याच्या उंच शेडमध्ये आकडा उणे 55 दिसत होता आणि तरी मोजणाऱ्याचे "सत्तेचाळीस" आम्हाला "…चाळीस" असेच ऐकू येत होते. तिथे संदेश कमी पडत नसतो, तो जास्त वाटांनी येत असतो. भिंतींवरून परतलेल्या लहरी थोड्या उशिराने पोहोचतात आणि मूळ लहरीवर चढतात. अशा शेडमध्ये बेस उंच टांगून मोठा भाग झाकण्यापेक्षा तो खाली, कामाच्या जागेच्या जवळ घेऊन जास्त बेस लावणे आम्हाला लाभले. रिकाम्या गोदामाचे मोजमाप तर आम्ही आता घेतच नाही. माल भरल्यावर ती जागा वेगळीच असते.

दुसऱ्या बिघडलेल्या कामाने आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. एका मोठ्या कार्यालयात, जिथे मध्ये एक लांब मार्गिका होती आणि तिच्या दोन्ही अंगांना दालने होती, आम्ही नऊ बेस बसवले, चालून तपासले, सही घेतली. आठवड्याभरात तक्रार आली की रात्रपाळीत आवाज तुटतो आणि फोन कट होतात. आम्ही दिवसा गेलो, दोन तास चाललो, काही सापडले नाही. हँडसेट बदलले. पुन्हा तीच तक्रार. मग बेसच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा पाच क्रमांकाच्या बेसचे सिंक रोज संध्याकाळनंतर सुटत असल्याचे आणि त्याच्यामागून येणारे चारही बेस त्याच्याबरोबर सुटत असल्याचे दिसले. शेवटी आमचे दोघे रात्री थांबले. सात वाजून गेल्यावर सुरक्षारक्षक आले आणि त्यांनी मार्गिकेच्या मधोमध असलेले आगप्रतिबंधक पोलादी शटर खाली सोडले. चार आणि पाच क्रमांकांचे बेस त्या उघड्या जागेतून एकमेकांना ऐकत होते. शटर जमिनीला टेकले आणि उणे 68 चा आकडा उणे 90 च्या पलीकडे गेला. "साहेब, हे खाली आलं की फोन गेलाच म्हणून समजा," सुरक्षारक्षक म्हणाले. त्यांना हे पहिल्या रात्रीपासून माहीत होते. त्यांना विचारावे असे आम्हाला सुचलेच नव्हते.

फोन लगेच न तुटता आधी खरखर का करत, तेही तेव्हा उलगडले. सिंक सुटलेला बेस बंद पडत नाही, तो स्वतःच्या घड्याळावर चालत राहतो. दोन घड्याळांत दहा लाखांत 10 भागांचा जरी फरक असला तरी दर सेकंदाला ती 10 मायक्रोसेकंदांनी सरकतात, म्हणजे एक अख्खा कप्पा सरकायला पाऊण मिनिटही लागत नाही. मग एका बाजूच्या बेसचे बोलणे दुसऱ्या बाजूच्या बोलण्यावर हळूहळू चढते, शब्दांचे तुकडे पडतात, आणि हँडसेट सुटका म्हणून दुसरा बेस शोधायला गेला तर तिथे त्याला जागा जुळत नाही. उपाय लहान निघाला. वरच्या मजल्यावरचा एक बेस जिन्याच्या तोंडाशी हलवला आणि सिंकची वाट शटरला वळसा घालून वरून नेली. ज्याच्या घड्याळाशी बाकीचे बेस जुळवून घेतात तो मुख्य बेसही टोकाच्या खोलीतून काढून इमारतीच्या मध्यावर आणला, त्यामुळे आठ कड्यांची सरळ साखळी मोडून तीन-तीन कड्यांच्या फांद्या झाल्या. एक कडी निखळल्यावर मागची सगळी रांग कोसळणे त्यातून थांबले.

अलीकडे बरेच बेस हवेऐवजी नेटवर्क केबलवरूनच घड्याळ जुळवतात. यामुळे शटर आणि भिंतींची चिंता मिटते, पण ओझे या केबल जिथे एकत्र येतात त्या नेटवर्क स्विचवर जाते. घड्याळ सांगणारे संदेश उशिरा पोहोचले तरी एक वेळ चालते, कधी लवकर तर कधी उशिरा पोहोचलेले चालत नाही. एका ठिकाणी आमचे बेस एकमेकांना ओळखतच नव्हते, कारण स्विचमधल्या एका सेटिंगमुळे समूहाला उद्देशून पाठवलेले संदेश अडवले जात होते, आणि आम्ही मात्र दिवसभर बेस बंद-चालू करत बसलो होतो. आता आवाजासाठी वेगळे व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र विभाग), मधे कमीत कमी स्विच आणि त्या स्विचला यूपीएस, या तीन गोष्टी ग्राहकाच्या संगणक विभागाकडून आधी लेखी मान्य करून घेतो. बेसला वीज त्याच केबलमधून जाते, त्यामुळे स्विच बंद तर फोन बंद.

क्षमतेविषयी थोडेसे. 12 जोड कप्पे असले तरी एका बेसवर एका वेळी साधारण आठ बोलणी आम्ही धरतो, कारण चालत येणाऱ्या फोनसाठी जागा राखावी लागते आणि हवेतून सिंक असेल तर त्यातही काही जागा खर्ची पडते. उंच दर्जाचा आवाज चालू केला तर हा आकडा आणखी खाली येतो. जेवणघर किंवा सभागृहासारख्या ठिकाणी, जिथे रेंजसाठी एक बेस पुरतो, तिथे गर्दीसाठी दोन लावावे लागतात.

सुरक्षिततेचा प्रश्न पूर्वी कोणी विचारत नसे. 2008 च्या अखेरीस काही संशोधकांनी संगणकाच्या एका स्वस्त कार्डाच्या साहाय्याने सांकेतिकीकरण न केलेली डेक्ट संभाषणे ऐकून दाखवली, त्यानंतर तो विचारला जाऊ लागला आणि आम्हीही आमच्या जुन्या कामांची फेरतपासणी केली. सांकेतिकीकरण चालू आहे ना, कारखान्यातून आलेला पिन बदलला आहे ना आणि नवीन हँडसेट जोडून घेण्याची मुभा, म्हणजे नोंदणीची खिडकी, काम संपल्यावर बंद केली आहे ना, हे आम्ही हस्तांतराच्या दिवशी ग्राहकासमोर करून दाखवतो.

आज आम्ही मोजमापाचे पैसे वेगळे घेतो आणि ते कामाच्या रकमेतून वळते करत नाही. यावरून काही ग्राहक गेले. जे राहिले त्यांच्यापैकी काहींना आम्ही मोजमापानंतर स्वतःहून सांगितले की दोन खोल्यांच्या कार्यालयाला एक बेस पुरेल, जाळ्याची गरज नाही. आणि ज्यांची माणसे दिवसभर बाहेरच फिरतात, त्यांना मोबाइलच बरा, असेही सांगितले. हस्तांतर करताना ग्राहकाला बेसच्या जागांचा नकाशा, सिंकची वाट दाखवणारी आकृती आणि रंगीत टिकल्यांचा मूळ कागद मिळतो. शेवटची तपासणी आमचा माणूस करत नाही. ग्राहकाच्याच माणसाला फोन कानाला लावून नेहमीच्या वाटेने चालायला सांगतो, एकदा दिवसा आणि एकदा सगळी शटरे व दरवाजे बंद झाल्यावर, आणि तो परत येईपर्यंत आम्ही लाइनच्या दुसऱ्या टोकाला आकडे ऐकत बसतो.