दक्षिण गोव्यातल्या काणकोणची मुलं लॉ कॉलेजात टिकावीत म्हणून

गोव्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आरक्षणामुळे जागा मिळते, पण मराठी शाळेतून आलेली मुलं अडखळतात ती कोर्टाच्या इंग्रजी निकालपत्रांपाशी. त्यांच्या हाती चाळीस पानं एकदम देऊ नका. आधी पाचच वाचून घ्या: वाद कोणाचा, कशावरून, खालचं कोर्ट काय म्हणालं? उत्तर मराठीत, चार ओळींत. सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर काही निकालांचे मराठी अनुवाद आहेत, ते मूळ निकालाशेजारी ठेवून वाचावेत. हे वाचून घ्यायचं काम वरच्या वर्गातल्या मुलांनी केलं तर उत्तमच. सरांसमोर शंका विचारायला मुलं लाजतात.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये. अर्ज अडतो तो मात्र नावाच्या स्पेलिंगवर: आधारवर ‘Gavkar’, गुणपत्रिकेवर ‘Gaonkar’. प्रवेशाच्याच आठवड्यात दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासा.