ओव्हरफ्लोचा पाइप

टाकीवरून पाणी पडत होतं. टाकी काठोकाठ भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून जी धार लागते, ती. दुसऱ्याच एका कामासाठी त्या रस्त्याने चाललो होतो, धार लांबूनच दिसली आणि मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. ही टाकी निम्म्याच्या वर भरायची नाही, असं आम्ही लेखी कळवून तेवीस दिवस झाले होते.

मी एका जिल्ह्याच्या गावी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात शिकवतो. वर्गापलीकडे आमचं आणखी एक काम असतं, ते बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. जिल्हा परिषद, बांधकाम खातं, नगरपालिका यांच्याकडून पत्र येतं, चाचण्यांची फी भरली जाते आणि आम्ही जाऊन पूल, शाळेच्या इमारती, पाण्याच्या टाक्या तपासून अभिप्राय देतो. मुंबईत गोखले पूल आणि बर्फीवाला पूल यांची पातळी जुळेना तेव्हा महापालिकेने व्हीजेटीआय या तिथल्या अभियांत्रिकी संस्थेचा सल्ला घेतला, ते सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. आमच्या वाट्याला येतात त्या खेड्यांतल्या टाक्या, त्यांची बातमी होत नाही. पण पद्धत तीच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, तेव्हापासून जुन्या बांधकामांच्या तपासणीची पत्रं वाढली. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला. तपासणीत तो वापरण्याजोगा ठरला होता. त्या दिवसापासून अहवालावर सही करताना माझा हात थांबतो आणि तो थांबलाच पाहिजे, असं मला वाटतं.

ही टाकी १९८४ ची. कोनशिलेवर तसं कोरलेलं आहे. एक लाख लिटर, सहा खांब, जमिनीपासून बारा मीटर उंच, गाव तीन हजारांच्या आसपास. जलजीवन मिशनमधल्या नव्या टाकीचे खांब शंभर पावलांवर उभे होते, पुढचं काम थांबलेलं. जुन्या टाकीला लागूनच जिल्हा परिषदेची शाळा. आम्ही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेलो तेव्हा सकाळची शाळा होती. यंत्रं उतरवत होतो आणि मुलं थाळ्या घेऊन टाकीखाली येऊन बसली. पोषण आहाराची खिचडी तिथेच वाढत होते. दुसरीकडे सावली नव्हती.

टाकी लांबून छान दिसत होती. नवा रंग दिलेला, खांबांवर गिलावा गुळगुळीत. फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा एका खासगी सल्लागाराचा अहवालही होता, ‘काँक्रीटची स्थिती समाधानकारक’. पानं उलटली तर आत फक्त रिबाउंड हॅमरची रीडिंग. याचा मला मनापासून राग येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रिबाउंड हॅमर म्हणजे स्प्रिंगचा हातोडा. पृष्ठभागावर दाबला की आतलं वजन आपटून मागे उसळतं. जितकं जास्त उसळेल तितकं काँक्रीट कठीण. पण तो कळवतो फक्त वरच्या कातडीचा कठीणपणा. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपतो, तिथल्या चुन्याशी त्याची प्रक्रिया होते आणि वरचा थर उलट जास्तच टणक होतो. हातोडा चांगला आकडा देतो. नुसत्या त्याच्यावर विसंबलं तर जुन्या काँक्रीटची ताकद दीडपटही दिसू शकते. आणि नेमकी हीच प्रक्रिया आतल्या सळईचं संरक्षण काढून घेत असते. जी गोष्ट टाकीला मारते आहे, तिच्यामुळेच टाकी पास होते. हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. तरी असे अहवाल निघतात, कारण हातोड्याचं काम दोन तासांत उरकतं आणि फाइलला एक कागद लागतो.

गिलावा खरवडून हातोडा लावला, तर आम्हालाही ३८, ४० अशी चांगली रीडिंग मिळाली. मग ग्रीस लावून ध्वनिलहरींची चाचणी घेतली. खांबाच्या एका बाजूने लहर सोडायची आणि ती दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचते ते मोजायचं. आत फटी, पोकळ्या असतील तर लहर वळसे घालत जाते. चांगल्या काँक्रीटमध्ये वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर हवा. इथे २.६, २.४, एका ठिकाणी २.१. माझा एमटेकचा विद्यार्थी म्हणाला, “सर, प्रोब नीट टेकला नसेल.” पुन्हा घेतलं. तेच.

मग कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढला. आधी सळई कुठे आहे ते शोधून, दोन सळयांच्या मधोमध, ७५ मिलिमीटरचं हिऱ्याचं बिट लावून. खांबाला भोक पाडणं मला कधीच आवडत नाही, म्हणून भोक त्याच दिवशी न आकसणाऱ्या ग्राउटने भरायचं हा आमचा शिरस्ता आहे. कोअर बाहेर आला, पुसून फडक्यावर आडवा ठेवला आणि त्याच्यावर फेनॉल्फ्थॅलीन फवारलं. बारावीच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी वापरलेलं, तेच. काँक्रीट अजून अल्कधर्मी असेल, म्हणजे सळईला गंजापासून राखत असेल, तर क्षणात राणी रंग चढतो. आम्ही वाकून बघत होतो. बाहेरच्या टोकापासून रंग नाही, रंग नाही, आणि थेट साडेपाच सेंटिमीटरवर एकदम लख्ख राणी रेघ. सळई होती चार सेंटिमीटरवर. म्हणजे सळईच्या भोवती राखण उरलीच नव्हती.

एका आडव्या तुळईखाली गिलावा पोकळ वाजला. छिन्नीने उडवला तर पापुद्र्यांसारखा गंज हातात आला. पीळ दिलेली जुनी टॉर सळई, मूळची सोळा मिलिमीटरची. घासून व्हर्नियर लावला, साडेबारा. आकडा किरकोळ वाटतो, पण छेदाचं क्षेत्रफळ काढा, जवळजवळ ३९ टक्के लोखंड गेलेलं. त्यावर दोन वर्षांपूर्वी कोणीतरी गिलावा करून रंग दिला होता.

शाखा अभियंता सोबत होते. प्रामाणिक माणूस, एकटा चार शाखांचं ओझं वाहणारा. मी त्यांना तिथेच म्हणालो, “मुलांना आजपासून इथे बसवू नका.” त्यांनी हेडमास्तरांना बोलावलं, मुलं व्हरांड्यात गेली. तो निर्णय सोपा होता.

अवघड निर्णय अहवालाचा. प्रयोगशाळेत तीन कोअर दाबून पाहिले, घनाच्या हिशेबात ताकद चौरस मिलिमीटरला १०.९, १३.४ आणि ११.६ न्यूटन. सरासरी बारा. काँक्रीट एम २० धरलेलं, म्हणजे २० न्यूटन ताकदीचं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ८५ टक्के, म्हणजे १७ तरी हवी आणि एकही कोअर १५ च्या खाली नको. आमचे तिन्ही खाली. टाकी पाडा, यात शंका नव्हती. पण मे महिना होता. टाकी बंद केली तर तीन हजार माणसांना टँकर, आणि तालुक्यात टँकर आधीच कमी. मी रात्री बसून हिशेब केला. टाकीचं स्वतःचं वजन सुमारे १२० टन, पाणी शंभर. पूर्ण भरली तर प्रत्येक खांबावर सुमारे ३७ टन, निम्मी ठेवली तर २८. खांबांना तेवढा दिलासा पुरत होता. वाऱ्याचा जोर मात्र पाणी कमी केल्याने कमी होत नाही, आणि मे म्हणजे वळवाचे दिवस. हे सगळं समोर ठेवून मी लिहिलं, “टाकी पाडणे आवश्यक आहे. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत, जास्तीत जास्त ३० दिवस, पाण्याची पातळी निम्म्यावर ठेवून व टाकीभोवतीचा परिसर कुंपणाने बंद करून टाकीचा वापर करता येईल.”

तेवीस दिवसांनी टाकी भरून वाहत होती. कुंपण नव्हतं. सुट्टी होती, तरी चार पोरं टाकीखाली गोट्या खेळत होती.

पाणी सोडणारे मामा चावीपाशी बसले होते. मी विचारलं, “मामा, निम्मीच भरायची असं सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं सायेब. पण मग कागद आला, भरायला हरकत नाही म्हणून.”

ग्रामपंचायतीत जाऊन कागद पाहिला. उपविभागातून आलेलं पत्र, तीन ओळींचं. “संदर्भीय अहवालानुसार टाकीचा वापर करता येईल. सबब पाणीपुरवठा पूर्ववत सुरू ठेवावा.” माझेच शब्द. पुढचं शेपूट ठेवलेलं, आधीचं सगळं कापलेलं. कोणी खोडसाळपणा केला असं मला आजही वाटत नाही. कोणा लिपिकाने छत्तीस पानांतून कामापुरती ओळ उचलली, वर सही झाली. शासनाच्या टेबलावर अहवाल येतो तेव्हा त्यातून एकच ओळ शोधली जाते, चालेल की नाही. हे मला पंधरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. तरी मी ती ओळ अटींच्या शेवटी, सहज उचलता येईल अशी लिहून दिली.

सरपंचताई आल्या. मी त्यांना कोअरचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी सळईचं माप विचारलं, समजून घेतलं. मग म्हणाल्या, “सर, मी रोज मामांच्या मागे उभी राहू शकत नाही. निम्म्याच्या वर भरताच येणार नाही, असं काही करता येतं का?”

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. उत्तर सोपं होतं. टाकीच्या आत ओव्हरफ्लोचा पाइप उभा असतो, त्याचं तोंड पूर्ण भरण्याच्या पातळीवर. तो पाइप निम्म्यावर आणला की त्याच्यावर पाणी चढणारच नाही, आपोआप बाहेर पडेल. मग कागद कोणी कसाही वाचो. टाकी चालवायला ग्रामपंचायतीकडे होती, त्यामुळे निर्णय ताईंचा. शाखा अभियंत्यांना फोन लावला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “करा सर, मी उद्या पत्र काढतो.” टाकी रिकामी केली, शिडीने एकच माणूस वर पाठवला, प्लंबर. वर गंजलेल्या शिडीवर तो चढत होता तेवढी पंधरा मिनिटं मला आयुष्यभर आठवतील. त्याने फ्लँजचे बोल्ट सोडवून पाइपाचा वरचा तुकडा काढला. संध्याकाळी पंप चालू केला आणि टाकी निम्मी झाली तशी धार लागली. मामांनी लगेच पंप बंद केला. शाळेच्या बाजूने ग्रामपंचायतीने तारेचं कुंपण त्याच आठवड्यात घातलं.

कॉलेजात यावर चर्चा झाली. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं, आपण सल्लागार आहोत. अहवाल दिला, काम संपलं. उद्या प्लंबर पडला असता तर जबाबदार कोण? त्यांचा मुद्दा मी उडवून लावू शकत नाही. ती शिडी मी तपासली नव्हती. पण ‘काम संपलं’ हे मला मान्य नाही. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन जातो, शासनाच्या खर्चाने घेतलेली यंत्रं वापरतो, आमच्या सहीवर लोक टाकीखाली बसतात. तपासणीनंतर महिन्याने एकदा जाऊन पाहायचं, एवढी साधी भेटसुद्धा आमच्या फीच्या दरपत्रकात नाही. मी तो मुद्दा लेखी दिला आहे. अजून उत्तर नाही.

ऑगस्टमध्ये नव्या टाकीतून पाणी सुरू झालं, जुनी रिकामी झाली. पण ती उभीच आहे. पाडायची तर आधी निर्लेखनाची, म्हणजे मालमत्ता नोंदीतून कमी करण्याची, मंजुरी लागते. प्रस्ताव गेला, आमचा अहवाल जोडून. गेल्या आठवड्यात तो शेरा मारून परत आला, “अहवालात टाकीचा वापर करता येईल असे नमूद आहे, निर्लेखनाचे कारण स्पष्ट करावे.”

उत्तर आज सकाळी पाठवलं. अर्ध्या पानाचं, तीन कोअरचे आकडे, सळईचं माप आणि पहिल्याच ओळीत, “टाकी पाडावी.” ‘करता येईल’ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. दुपारी शाखा अभियंत्यांचा फोन होता, कुंपणाची एक बाजू कोणीतरी वाकवली आहे आणि मुलं पुन्हा सावलीला बसतात. उद्या जाऊन येतो.