नर्मदेच्या रेतीतलं शिंग

जुन्या हाडांत शिंग मिळतं ते अर्धंच. वरचं कवच कुजून जातं, उरतो तो आतला हाडाचा गाभा. त्या दिवशी नर्मदाकाठच्या रेती-गोट्यांतून आलेल्या पेटीत असाच एक गाभा होता, चुन्याच्या थराने माखलेला, दगड होऊन जड झालेला. सुईने थर खरवडत मी बुडापर्यंत आले आणि आमच्या मदतनीस काकांना हाक मारली. काका सांगोल्याकडचे, खिलार बैलांत वाढलेले. त्यांनी दोन्ही पंजे बुडाभोवती धरले. बोटं एकमेकांना टेकेनात.

"मॅडम, ह्यो बैल न्हाई. असला बैल आमच्या आज्यानंबी बघितला नसंल."

बरोबर होतं त्यांचं. तो भारतीय ऑरॉक्स होता, आपल्या वशिंडाच्या गाईबैलांचा रानटी पूर्वज. जीवाश्मांचा अभ्यासक ह्यू फॉल्कनर याने १८५९ मध्ये त्याला बॉस नामाडिकस हे नाव दिलं. गोदावरीकाठी काळेगावलाही त्याचे जीवाश्म सापडले आहेत. गव्याशी त्याची गल्लत करू नये. गवा वेगळा, तो राधानगरीत आजही चरतो. युरोपातल्या ऑरॉक्सची शेवटची गाय मात्र १६२७ मध्ये पोलंडच्या याक्तोरूवच्या जंगलात मेली.

मी नमुन्यांच्या कपाटातून खिलारच्या शिंगाचा गाभा आणून शेजारी ठेवला. काका कितीतरी वेळ दोन्हींवरून हात फिरवत होते. "मग हे जनावर दावणीला आलं कसं?"

मी त्यांना बलुचिस्तानातल्या मेहरगढ या प्राचीन वस्तीविषयी सांगितलं. तिथल्या सगळ्यात जुन्या थरांत हरणांसारख्या शिकारीच्या प्राण्यांची हाडं भरपूर आहेत. वरच्या थरांत गुरांची वाढत जातात आणि आकाराने लहान होत जातात. साधारण ८००० वर्षांपूर्वीची ही गोष्ट. माणसाळवलेलं जनावर पिढ्यान्‌पिढ्या आटत जातं, आणि मला तर हाच सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. वशिंडात हाड नसतं, पण त्याखालच्या काही मणक्यांचे काटे टोकाशी दुभंगलेले असतात, त्यावरून वशिंडाचं जनावर ओळखू येतं. खिलारचा तसा मणका दाखवला, तर काका म्हणाले, "जू ठेवतो तिथलाच की!"

त्याच पेटीत पायाच्या हाडाचा एक तुकडा होता आणि त्यावर बारीक रेघा. माझ्या छातीत धडधडायला लागलं. या प्राण्याला माणसाने दगडी पात्याने सोललं असेल, तर खूण अशीच कुठेतरी असणार. सूक्ष्मदर्शकाखाली हाड फिरवून फिरवून पाहिलं. पात्याची चीर अरुंद, खोल असते, सहसा सांध्याजवळ, एकीला एक समांतर. या रेघा उथळ होत्या, वाटेल तशा गेलेल्या, आणि सांध्यापासून लांब. नदीच्या वाळूने घासल्याच्या.

काकांना वाईट वाटलं. मलाही. तरी पात्याची चीर नसताना माणसाचं नाव हाडाच्या नोंदकार्डावर घालणं मला पटत नाही. मी लिहिलं: रानटी बैल, पूर्ण वाढलेला, माणसाची खूण नाही. काकांनी शिंगाखाली कापसाची गादी घातली आणि पेटीतलं पुढचं हाड माझ्यासमोर ठेवलं.