न सापडलेला ‘दुसऱ्या’

बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिल टेकवायची नाही, हे बाबांनी मला सातवीत बजावलं होतं. म्हणून आवडलेली वाक्यं वहीत उतरवायची सवय लागली. आता खानापूरला शिकवायला जाते, वही मागे पडली आणि तिच्या जागी फोन आला.

पानाचा फोटो काढायचा, गुगल लेन्सने मजकूर उचलायचा. मराठी बऱ्यापैकी येतं, कन्नडही. जोडाक्षरं मात्र एकदा नजरेखालून घालते. किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, केबलने संगणकाला जोडलं की ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची, खूण केलेल्या वाक्यांची साधी फाईल मिळते. खूण वाढवली की त्यात जुनी आणि नवी दोन्ही राहतात, तेवढी छाटायची.

साठवायला ऑब्सिडियन हे टिपणांचं ॲप घेतलं. लेख साठवायची ॲपं बंद पडतात हे पाहिलं होतं: ऑम्निव्होर 2024च्या नोव्हेंबरात बंद झालं, पॉकेट 2025च्या जुलैत. ऑब्सिडियनच्या फायली साध्या मजकुराच्या, माझ्याच संगणकावर. उद्या ते नसलं तरी नोटपॅडमध्ये उघडतील.

पण मागच्या पावसाळ्यात वर्गासाठी एक वाक्य हवं होतं, त्यात ‘दुसऱ्या’ हा शब्द होता एवढं पक्कं आठवत होतं. शोधलं, मिळेना. पानं चाळली तर वाक्य तिथंच! आपला हा ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाईप होतो. एकात मुळातच नुक्ता, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. आता महिन्यातून एकदा एक रूप शोधून सगळीकडे दुसरं घालते. कुठलंही ॲप घेण्याआधी मराठी माणसानं ही दोन्ही रूपं घालून शोधून बघावंच.

लेक एकदा म्हणाली, “आई, एवढं साठवतीस, परत बघतीस का कधी?” तिचं खरं होतं. तेव्हापासून निवडक वाक्यं अँकी या उजळणीच्या ॲपमध्ये घालते, एक शब्द झाकून, शाळेतल्या गाळलेल्या जागांसारखी. शब्द आठवला की ते वाक्य दर खेपेला आणखी उशिरा येतं, नाही आठवला की लगेच परत. अँड्रॉइडवर अँकी फुकट आहे.

रोज पाचच, सकाळच्या बसमध्ये. पिरनवाडीला सुरू करते, देसूरपर्यंत होतात. आज एका कन्नड कथेतलं वाक्य आलं, ‘होळे’ झाकलेलं. होळे म्हणजे नदी. शेजारच्या आजींना विचारायची गरज पडली नाही, तरी विचारलं. आणि मलप्रभेचा पूल येईपर्यंत त्या त्यांच्या गावच्या होळेबद्दल सांगत राहिल्या.